खाडा

आमच्या स्वयंपाकघरात एकच कॅलेंडर,
फोडणीच्या तेलानं कडेला पिवळं पडलेलं.
त्यावर सासूबाईंचा दुधाचा हिशोब:
वडणग्याचा बाळू आला तर चौकोन कोरा,
नाही आला तर फुली. खाडा.
महिनाअखेर फुल्या मोजायच्या, पैसे वजा करायचे.

त्याच चौकोनांत, खालच्या कोपऱ्यात,
मी पेन्सिलीनं बारीक टिंबं देते.
पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजत
बारावा, चौदावा, सोळावा.
डॉक्टर मगदूम बाई म्हणाल्या होत्या, दिवसाआड पुरे,
आणि परीक्षेसारखं तर मुळीच नको.
परीक्षा नाही म्हणे.
निकाल तेवढा दर महिन्याला लागतो.

तीन वर्षं सगळ्यांनी माझ्याकडंच बघितलं.
कुणी अंगारा दिला, कुणी शतावरी,
नणंदेनं तर पलंगाची दिशा फिरवली.
बाईंनी पहिला प्रश्न विचारला तो धैर्यशीलला:
"कामाला कुठं?"
"शिरोलीला, फौंड्रीत. भट्टीवर."
"आणि खिशात काय?"
त्यानं मोबाईल काढला,
मग जरा थांबून माव्याची पुडी.
दोन्ही टेबलावर मांडल्या
जप्तीच्या मालासारख्या.

परत येताना रंकाळ्याच्या कठड्याशी गाडी थांबवली.
म्हणाला, "पंपाच्या बॉड्या किती ओतल्या असतील मी,
अख्ख्या जिल्ह्याचं पाणी त्यावर चढतंय.
आणि धग बाधली ती मलाच."
हसला.
मी नाही हसले.
मग मीही हसले, तो एकटाच हसत होता म्हणून.

मावा सुटायला दोन महिने गेले.
सुपारीच्या जागी शेंगदाणे,
शेंगदाणे संपले की शिव्या.
साहेबाला गाठून भट्टीवरून फेटलिंगला बदली घेतली,
पगारात हजारभर कमी.
टिंबाच्या दिवशी रात्रपाळी आली
की अस्लम मुल्लाशी पाळी बदलायची.
कारण एकच: मेव्हण्याकडं म्हाई हाय.
तिसऱ्या महिन्यात अस्लम म्हणाला,
"तुझ्या मेव्हण्याकडं दर महिन्याला बकरं पडतंय व्हय रं?
एकदा आम्हालाबी बोलीव की!"

खरं सांगू?
टिंब असलं की आम्ही परके होतो.
"आज आहे," मी म्हणते,
लाईटबिलाची शेवटची तारीख सांगावी तसं.
तो "हं" म्हणतो, घड्याळ काढून ठेवतो,
आणि भिंतीपलीकडची मालिका संपेपर्यंत
आम्ही दोघं छताकडं बघत पडतो,
दवाखान्याच्या बाकावर बसल्यासारखे.

या खेपेला पेन्सिल सापडलीच नाही.
कुणी शोधलीही नाही.
एका रात्री जेवण झाल्यावर गंगावेशीत गेलो,
म्हशीच्या धारेचा आवाज ऐकत उभे राहिलो.
एक पेला दोघांत.
फेस त्याच्या मिशीला लागला,
मी बोटानं पुसला, चारचौघांत,
आणि तो लाजला,
लग्न ठरल्यावर लाजायचा तसा.
ती रात्र कितवी होती
मला ठाऊक नाही.

आज सकाळी सासूबाई चष्मा लावून
मागची पानं चाळत होत्या.
"अगं, ही टिंबं कसली?"
"माझा एक हिशोब आहे."
"मग या महिन्यात एकबी न्हाई ते?"
गॅसवर दूध वर येत होतं.
मी आच बारीक केली.

चार दिवस झालेत. चारच.
मागं एकदा सहा दिवस थांबवून अंगानं फसवलंय,
म्हणून अजून कुणाला बोललेले नाही,
धैर्यशीललासुद्धा.
पेन्सिल सापडली परवा, तिखटाच्या बरणीमागं.
फुली मारायला हात गेला होता,
मागं घेतला.

"बाळू रोज आला न्हवं?" सासूबाई विचारतात.
"रोज आला."
"म्हणजे खाडा न्हाई म्हणायचा."
"बघू," मी म्हणते,
"महिना कुठं संपलाय अजून."